दीडशे माणसांत दहा हजारांची फौज कशी उभी राहते

"दहा हजारांची फौज तटाला भिडली." कादंबरीत हे एक वाक्य लिहून लेखक पुढे जाऊ शकतो. त्याच कादंबरीवर चित्रपट करायला घेतला की या वाक्याच्या पोटातून प्रश्न निघत राहतात. फौज कुठल्या बाजूने आली? तट किती उंच? नायक तेव्हा तटावर होता की खाली? सूर्य कुणाच्या डोळ्यांवर होता? पडद्यावर फसलेल्या बहुतेक लढाया माणसे कमी पडली म्हणून फसत नाहीत. कोण कुठे आहे आणि कुठे निघाला आहे, हे प्रेक्षकाला कळेनासे होते, आणि मग समोर लाखभर सैनिक असले तरी ती नुसती हाणामारी दिसते. म्हणून माणसांचा आकडा हा या कामातला शेवटचा प्रश्न आहे. त्याआधी बरेच काही ठरलेले असावे लागते.

फँटसी कादंबऱ्यांत तर लढाई अनेकदा पुरती लिहिलेलीही नसते. 'द हॉबिट'मध्ये पाच सैन्यांची लढाई सुरू असताना नायकाच्या डोक्यात दगड लागतो, तो बेशुद्ध पडतो आणि शेवट त्याला नंतर कळतो. 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'मध्ये लढाईतला कळीचा क्षण, म्हणजे एडमंडने चेटकिणीची कांडी तोडणे, हा त्याचा भाऊ पीटर नंतर सांगतो. पुस्तकात हे चालते, कारण सांगणाऱ्याचा आवाज वाचकाला धरून ठेवतो. पडद्यावर ती लढाई दाखवावीच लागते, म्हणजे पटकथाकाराला ती जवळजवळ नव्याने रचावी लागते.

ती रचताना आधी घटना ठरतात. पंधरा मिनिटांच्या लढाईला पाच-सहा ठळक घटना पुरतात: फौज दिसणे, पहिला मारा, तटाला खिंडार, नायकाची माणसे मागे रेटली जाणे, अनपेक्षित मदत, आणि शेवट. प्रत्येक घटनेनंतर लढाईचे पारडे कुठे तरी झुकले पाहिजे. घटना घडूनही काही बदलत नसेल, तर ती कितीही देखणी असली तरी कागदावरच कापलेली बरी. मैदानावर तिला दोन दिवस लागतात आणि शेवटी ती संकलनात जातेच.

नकाशा आणि रान

घटना ठरल्या की नकाशा काढायचा. तट कुठे, दरवाजा कुठे, शत्रू कुठून येणार, नदी किंवा कडा कुठे. मग एक निर्णय घ्यायचा आणि तो मोडायचा नाही: शत्रू पडद्यावर कायम डावीकडून उजवीकडे येणार आणि आपली माणसे उजवीकडून डावीकडे बघणार. दोन्ही सैन्यांमध्ये एक रेषा आहे असे धरून कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवतात. तो रेषा ओलांडून पलीकडे गेला, तर मागे हटणारी फौज पुढच्या शॉटमध्ये चाल करून येताना दिसते. ओलांडायचाच असेल तर प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत, चालत्या शॉटमध्ये ओलांडावा लागतो. हा नकाशा हातात धरून स्टोरीबोर्ड, म्हणजे एकेका शॉटचे चित्र, काढतात आणि त्यावरून संगणकात ओबडधोबड बाहुल्यांची लढाई तयार करतात. तिला प्रीव्हिज म्हणतात. दिसायला ती कुरूप असते, पण कुठल्या शॉटला तीस माणसे लागतील आणि कुठल्याला तीनशे, हे तिथेच कळते, आणि बजेट त्यावर ठरते.

आता रान. कोल्हापूरच्या आसपास चित्रीकरणासाठी जागा बघणाऱ्याला चार प्रकारची जमीन भेटते आणि चारही वेगळ्या वागतात. नदीकाठची काळी माती कोरडी असताना उत्तम, पडणाऱ्याला लागत नाही. एक पाऊस झाला की मात्र ती चपलेला किलोने चिकटते आणि वाफसा यायला दिवस जातात, तोवर युनिट बसून. पन्हाळ्याच्या बाजूचा जांभा दिसायला अप्रतिम आहे, पण त्यावर गुडघ्यावर पडणारा माणूस रक्तबंबाळ होतो. तिथे फक्त चालणारी आणि उभी फौज घ्यावी, झुंज घेऊ नये. ऊस तुटून गेलेले रान लांबून सपाट वाटते, पण जमिनीत राहिलेले बुडखे टोकदार असतात. त्यात घोडा घालणे म्हणजे त्याचा पाय घालवणे. सगळ्यांत सोयीची मुरमाड माळजमीन. पाणी मारले की धूळ बसते, नाही मारले की हवी तेवढी उडते. झुंज होणार त्या पट्ट्यातले खडे वेचून वर चाळलेली माती तीन-चार इंच पसरतात. हे काम कंटाळवाणे आहे आणि टाळले की पहिल्याच दिवशी कुणाचा तरी घोटा जातो.

गर्दीचे तीन थर

लोक विचारतात, एवढी माणसे आणली कुठून? बहुतेक वेळा आणलेलीच नसतात. 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेतली २०१६ ची गाजलेली मैदानी लढाई सुमारे ५०० ज्युनिअर आर्टिस्ट आणि ७० च्या आसपास घोडे घेऊन २५ दिवसांत चित्रित झाली. पडद्यावर ती हजारोंची दिसते.

यामागची रीत थरांची आहे. कॅमेऱ्यापासून पहिल्या आठ-दहा मीटरमध्ये वीस-पंचवीस माणसे असतात. त्यांचे चेहरे, टाके, पट्ट्यांचे बक्कल, जखमा, सगळे दिसते. इथे खरा झुंजणारा माणूस आणि खरा कपडा हवा. त्यामागे चाळीसेक मीटरपर्यंत साठ-सत्तर माणसे. त्यांची ढाल फोमची, साखळी-चिलखत रंगवलेल्या जाळीचे असले तरी चालते, फक्त हालचाल खरी हवी. त्यापलीकडे डोकी, भाले आणि निशाणे. तिथे रंग आणि उंची दिसते, बाकी काही नाही. पैसा याच क्रमाने खर्च करायचा. सगळ्यांना सारखे मध्यम कपडे दिले, तर पुढचे खोटे दिसतात आणि मागच्यांचे वाया जातात.

वजन हाही कपड्याचाच भाग आहे. लोखंडी कड्यांचे चिलखत दहा किलोंच्या पुढे जाते. ते घालून माणूस मार्चच्या उन्हात तीन टेकही, म्हणजे एकाच शॉटच्या तीन फेऱ्याही, धावू शकत नाही. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या कार्यशाळेत यासाठी प्लॅस्टिकच्या नळीचे काप घेऊन कडी हाताने जोडली आणि वर धातूचा मुलामा दिला. आपल्याकडे दहा मिलिमीटरचा फोम शीट गरम करून वाकवतात आणि रंगवतात. पट्टे, म्याने, खोगिराचे बंद यांना मात्र चामडेच लावावे, आणि त्यासाठी कोल्हापुरासारखे कारागीर दुसरीकडे शोधायची गरज नाही. पायातली चामडी चप्पल ओल्या गवतावर घसरते, म्हणून तळाला रबर चिकटवून घ्यावे. हे विसरले जाते, आणि धावत्या फौजेत एक घसरला की मागचे चौघे त्याच्यावर पडतात.

वेळेचा हिशेबही आधी मांडावा लागतो. दीडशे माणसे, दहा ड्रेसवाले, एका माणसाला बारा मिनिटे: तीन तास. सात वाजता पहिला शॉट हवा असेल तर पहिल्या माणसाला पहाटे चारला बोलवायला हवे. दर पंचवीस-तीस माणसांमागे एक सहायक दिग्दर्शक हवा, त्यांच्याच वेषात, म्हणजे तो गर्दीत उभा राहून इशारे देऊ शकतो. माणशी पाच लिटर पाणी धरले तर दिवसाला साडेसातशे लिटर. सावलीचा मांडव आणि रुग्णवाहिका मैदानाला लागूनच.

या दीडशेंची हजारभर माणसे करायची सर्वांत जुनी युक्ती म्हणजे कॅमेरा पक्का बसवून मैदानाचे तुकडे पाडणे. समजा फ्रेमचे सात भाग केले. सगळे दीडशे जण पहिल्या भागात उभे करून शॉट घ्यायचा, मग दुसऱ्यात, असे सातव्यापर्यंत. नंतर संगणकावर तुकडे जोडले की १,०५० माणसे. भागांच्या सीमा फक्कीने आखल्या तर त्या शॉटमध्ये दिसतात, म्हणून जमिनीच्या रंगाच्या खुंट्या ठोकाव्यात आणि सीमेवरून कुणाचा भालाही पलीकडे जाऊ देऊ नये. प्रत्येक फेरीला ढाली, निशाणे आणि फेटे बदलायचे. नाही तर तोच पिवळ्या फेट्याचा उंच गडी सात ठिकाणी उभा दिसतो आणि एकदा का प्रेक्षकाने त्याला ओळखले की खेळ संपला. खरी अडचण सावल्यांची आहे. दर फेरीला दहा-बारा मिनिटे लागतात, म्हणजे सात फेऱ्यांना तासाहून जास्त, आणि तासाभरात सूर्य १५ अंश सरकतो. सकाळी घेतले तर पहिल्या तुकड्यात लांब सावल्या आणि सातव्यात आखूड. म्हणून हा शॉट ढगाळ दिवशी घ्यावा, नाही तर भर दुपारी, जेव्हा सावलीची लांबी फारशी बदलत नाही.

झुंज बसवणे

कोल्हापुरात मर्दानी खेळाच्या तालमी आहेत. दांडपट्टा, तलवार-ढाल, फरीगदगा, लाठी, विटा (दोरी लावलेला भाला) पिढ्यान्‌पिढ्या शिकवले जातात. लढाईच्या चित्रपटाला ही केवढी मोठी ठेव आहे, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पण मैदानातला खेळ आणि कॅमेऱ्यासमोरची झुंज यांत फरक आहे आणि तो फाइट मास्टरने पहिल्याच दिवशी समजावून द्यावा लागतो.

खेळ चहूबाजूंनी बसलेल्या लोकांसाठी असतो, म्हणून खेळाडू गोल फिरतो. कॅमेऱ्याला एकच बाजू दिसते. फिरता फिरता खेळाडूची पाठ लागली की शॉट गेला. पट्ट्याचे पाते सव्वा मीटरच्या आसपास आणि त्यात हाताची लांबी, म्हणजे एका पट्टेकऱ्याला जवळजवळ चार मीटर व्यासाचे मोकळे वर्तुळ लागते. दाटीच्या फ्रेममध्ये एवढी जागा नसते. त्यामुळे पट्टेकरी एकतर गर्दी फोडून बाहेर आलेला दाखवावा, नाही तर त्याच्या भोवतीची गर्दी लांबचे जवळ आणणाऱ्या लेन्सने दाट भासवावी. आणि तिसरे: खेळात वार नेमका लागणे हे कौशल्य, झुंजीत वार नेमका न लागणे हे कौशल्य. वर्षानुवर्षे लिंबू कापलेल्या हाताला हे उलटे वळण लागायला आठवडे जातात. ते आठवडे बजेटमध्ये धरावेत.

झुंजीचा एक तुकडा आठ ते बारा हातांचा, म्हणजे वार-बचावांचा, बसवतात. त्याहून लांब झाला की लक्षात राहत नाही आणि चुकलेला माणूस आपोआप खरा वार करतो. वार करणाऱ्याने आधी नजर द्यायची, झेलणाऱ्याने नजरेने होकार द्यायचा, मग शस्त्र उचलायचे. पात्याचे टोक अंगापासून वीतभर तरी दूर थांबते किंवा बाजूने जाते. ते अंतर कॅमेरा झाकतो, कारण तो वाराच्या रेषेत, पाठीमागून बघत असतो. लागल्याचे खरे नाटक झेलणारा करतो. सराव आधी चौथाई वेगाने, मग अर्ध्या, मग पाऊण. पूर्ण वेग फक्त टेकला. वाढवायचाच असेल तर सेकंदाला २४ ऐवजी २२ फ्रेम घेतल्या की हालचाल नऊ टक्क्यांनी जलद दिसते आणि कुणाचे बोट जात नाही. २० च्या खाली गेले की जुन्या मूकपटासारखे तुरुतुरु दिसू लागते.

पुढच्या थरातली शस्त्रे तीन प्रतींत करतात. जवळच्या शॉटला धातूची, धार नसलेली. झुंजीला ॲल्युमिनियमची किंवा बांबूच्या गाभ्याची. पडायच्या शॉटला रबराची. पडणाऱ्याच्या हातात कधीही धातू नको. ॲल्युमिनियमच्या पात्याला दोन-तीन टेकमध्ये कंगोरे पडतात आणि ते हात कापतात, म्हणून कानस घेतलेला माणूस कॅमेऱ्यामागे कायम उभा हवा.

बाण जवळपास कधीच खरा सुटत नाही. धनुर्धारी दोरी ओढून सोडतो आणि बाण नंतर संगणकात काढतात. ताकदीचे धनुष्य बाणाशिवाय सोडले तर ते तडकू शकते, म्हणून अगदी कमी ताणाची धनुष्ये करतात, आणि ओढणाऱ्याने ओढ जड असल्याचा अभिनय खांद्यातून करायचा असतो. छातीत रुतणारा बाण आधीच कपड्याखाली आडवा बसवलेला असतो, स्प्रिंगने उभा राहतो.

घोड्यांबाबत एकच आग्रह. आपल्याकडे प्राण्यांच्या चित्रीकरणाला भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि पायात तार अडकवून घोडा पाडणे ही क्रूरता आहे. ती कुठल्याही शॉटसाठी करू नये. घोडा पडताना दाखवायचा असेल तर शिकवलेला घोडा मऊ वाळूत आडवा होतो, नाही तर तो संगणकाचा असतो. दौडीत दोन घोड्यांमध्ये तीन-चार मीटर अंतर सोडतात. शंभर मीटर दूर, २०० मिलिमीटरची लेन्स लावून समोरून घेतले की ते अंतर दिसत नाही, भिंतच अंगावर येते. तोच शॉट ड्रोनने वरून घेतला तर सगळी पोकळी उघडी पडते. वरच्या शॉटला संगणक लागणार, हे म्हणूनच आधी माहीत असावे.

राक्षस आणि संगणकातले सैनिक

फँटसीत शत्रू अनेकदा माणूस नसतो. चार मीटर उंचीच्या राक्षसाशी लढणारा नट प्रत्यक्षात काठीच्या टोकावरच्या चेंडूकडे बघत असतो. चेंडू नेमक्या उंचीवर हवा. प्रत्येक जण वेगवेगळ्या उंचीवर बघत असेल, तर नंतर घातलेला राक्षस कितीही चांगला झाला तरी तो तिथे नाही हे कळते. राक्षसाचे वजन त्याच्या अंगात दिसत नाही, ते भोवतालच्या गोष्टींत दिसते. पाऊल पडेल त्या जागी पुरलेल्या नळीतून दाबाच्या हवेने बारीक चाळलेली माती आणि बुचाचा चुरा उडवतात. फटका बसलेल्या माणसाला अंगावरच्या हार्नेसला (पट्ट्यांच्या जाकिटाला) बांधलेल्या तारेने मागे खेचतात, खाली गाद्या. ही माती आणि हे उडणे खरे असले की डोळा बाकीचे मान्य करतो.

मागच्या थरातली अफाट फौज संगणकाची. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'साठी स्टीफन रेगेलस यांनी 'मॅसिव्ह' ही प्रणाली लिहिली. तिच्यात प्रत्येक सैनिकाला स्वतःचे बघणे, ऐकणे आणि त्यावरून ठरवणे असे छोटे डोके असते. खऱ्या माणसांच्या टिपलेल्या हालचालींच्या तुकड्यांतून तो प्रसंगाला साजेसा तुकडा निवडतो: शत्रू जवळ आला तर ढाल वर, समोर कड असेल तर थांब. सुरुवातीच्या एका चाचणीत काही सैनिक रणातून पळून गेले आणि ते शहाणे होऊन घाबरले अशी कथा जगभर पसरली. कारण साधे होते. ते तोंड असेल त्या दिशेने धावत राहिले आणि शत्रू त्यांना दिसलाच नाही. अशा चुका रोज होतात. सगळ्यांचा डावा पाय एकाच क्षणी पडतो. पाय जमिनीवरून घसरल्यासारखा वाटतो. मरण्याची एकच तऱ्हा दहा ठिकाणी दिसते. उपाय म्हणून प्रत्येकाची सुरुवात काही फ्रेमनी मागेपुढे करतात, उंची आणि वेग थोडा बदलतात, आणि मरण्याच्या तऱ्हा भरपूर टिपून ठेवतात. फ्रेममध्ये वीस-तीस पिक्सेल उंचीच्या सैनिकाला चेहरा देण्यात वेळ घालवू नये, त्याची चाल नीट करावी.

उजेड, धूर, रात्र

गोष्टीत लढाई तासाभराची, चित्रीकरण तीन आठवड्यांचे. दर शॉटला सूर्य वेगळा. म्हणून शक्यतो सूर्य नटांच्या पाठीमागे ठेवून घेतात. सकाळी एका दिशेचे शॉट, दुपारनंतर उलट दिशेचे. पाठीमागच्या उजेडात धूळ आणि धूर उजळतात आणि मागे माणसे कुठे संपतात ते झाकले जाते. धूर मात्र वाऱ्याच्या वरच्या बाजूने, दोन-तीन ठिकाणांहून सोडावा. वारा फिरला की थांबायचे. एका शॉटमध्ये धुराचा पडदा आणि पुढच्यात स्वच्छ आकाश, हे संकलनात सांधता येत नाही.

रात्रीच्या लढाईला उजेड आपल्या हातात असतो. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली हेल्म्स डीपची लढाई न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनजवळच्या दगडखाणीत महिनोन्‌महिने रात्री चित्रित केली गेली. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये कृत्रिम दिवे वापरले, ते हाच ताबा मिळवण्यासाठी. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने २४ फ्रेमला शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर उजेड किती वेळ पडू द्यायचा ते ठरवणारा पडदा, १७२.८ अंशांवर ठेवतात, नाही तर काही दिव्यांखाली चित्र लुकलुकते. हालचाल तुटक, खरखरीत हवी असेल तर ८६.४ अंश. तेही चालते, पण उजेड निम्मा होतो आणि दिवे दुप्पट लागतात.

आवाज जवळजवळ सगळा नंतर तयार होतो. फोमची ढाल 'फट' वाजते, रबरी तलवार वाजतच नाही. फौजेचा जल्लोष मात्र मैदानावर, शॉट संपल्यावर, त्याच दमलेल्या माणसांकडून रेकॉर्ड करून घ्यावा. स्टुडिओत बारा जणांना ओरडायला लावून ते दमलेपण येत नाही.

संकलनाचा कच्चा तुकडा झाला की तो आवाज बंद करून, गोष्ट माहीत नसलेल्या दोघा-तिघांना दाखवावा आणि विचारावे: तट कुठल्या बाजूला होता, आत्ता कोण रेटतोय, नायक कुठे आहे. उत्तर अडखळले त्या ठिकाणी उंचावरचा एक शांत, चार-पाच सेकंदांचा शॉट लागतो. तो ऐन वेळी कुठून आणणार? म्हणून लढाईच्या प्रत्येक टप्प्याचा असा एक जादा शॉट, दीडशे माणसे अंगावर कपडे घालून उभी आहेत तोवरच घेऊन ठेवतात.